पाषाण बारा, मगरपट्टा अठरा

पुण्यात नोव्हेंबर अर्धा सरला की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक चौकट उगवते. शहरातल्या ठिकाणांची नावं आणि प्रत्येकासमोर सकाळचं किमान तापमान. बाकीचे लोक ती हवामान म्हणून वाचत असतील. आमच्या घरी ती दहावीच्या निकालासारखी वाचली जाते, आणि दरवर्षी आम्ही नापास होतो.

निकाल साधारण असा असतो : पाषाण १२, शिवाजीनगर साडेबारा, आणि सगळ्यांच्या शेवटी, मागच्या बाकावर बसवलेल्या पोरासारखं, मगरपट्टा १८. आम्ही मगरपट्ट्याच्या पाठीमागे, हडपसरात राहतो. बायकोचा सख्खा भाऊ पाषाणला राहतो. पुढचं सगळं तुमच्या लक्षात आलंच असेल. तरी सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

थंडी ही पुण्यात सोसायची गोष्ट नाही, मिरवायची आहे. "आज काय कडाका होता हो!" असं म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर, कडाका त्याने स्वतः रात्री जागून केल्यासारखं समाधान असतं. अशा वेळी हडपसरच्या माणसाने काय करायचं? 'हो ना' म्हणायला जावं तर समोरचा लगेच विचारतो, "तुमच्याकडे तेवढी नसेल ना?" आवाजात सहानुभूती. टँकरचं पाणी पिणाऱ्यांशी बोलताना असते तशी.

एकाच शहरात, वीसेक किलोमीटरच्या अंतरात, सहा-सहा अंशांचा फरक का पडतो याचं उत्तर आहे, आणि ते मला पाठ आहे, कारण मेहुणा ते प्रत्येक दिवाळीत देतो. पाषाणच्या बाजूला टेकड्या, तलाव, झाडं, संस्थांची मोकळी आवारं. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन दिवसभराची ऊब सोडून देते, गार झालेली हवा जड होऊन टेकड्यांवरून खाली घरंगळते आणि सखल भागात बसून राहते. आमच्याकडे सिमेंट. दिवसभर तापतं आणि रात्रभर ती ऊब व्याजासकट परत करतं.

हे शास्त्र झालं. माझं स्वतःचं मत वेगळं आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं. पुढे १९४४ साली ते दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरातल्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात आणि बाहेरच्या चौकाला 'शिमला ऑफिस चौक'. तेव्हाच्या सामानसुमानाबरोबर शिमल्याची थोडी थंडी आली असणार आणि ती खालच्या लोकांपर्यंत न पोचता तिथेच वाटली गेली असणार. सरकारी कारभारात असं होतं. हवामानाची दुसरी मोठी संस्था पाषाणला आहे, आणि तिच्या नावात चक्क 'उष्णदेशीय' असा शब्द आहे. उष्ण देश हडपसरला आणि संस्था पाषाणला. मोजणारे दोघंही तिकडचेच म्हटल्यावर आम्ही दाद कुणाकडे मागायची?

तर यंदाची गोष्ट. कार्तिक संपत आला होता. शरद ऋतू निघायच्या तयारीत, हेमंत उंबऱ्यावर, आणि मधल्या मध्ये तो एक आठवडा असतो ना, धड पंखा बंद करता येत नाही, धड चालू ठेवता येत नाही, तो. शनिवारी पेपरात बातमी आली : 'उत्तरेकडून थंड वारे, राज्यात पारा घसरणार'. सोबत शेकोटीचा फोटो. हा फोटो दरवर्षी तोच असावा अशी मला शंका आहे, कारण शेकोटीभोवतीच्या माणसांचं वय वाढताना मी पाहिलेलं नाही. बातमीत निफाडचा पारा होता, महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर दव गोठण्याची वाट पाहणं होतं, 'गुलाबी' होतं, 'हुडहुडी' होतं. मगरपट्टा नव्हता. तरीही मी पेपर खाली ठेवला आणि घरात जाहीर केलं, "थंडी येतेय. गोधड्या काढायच्या."

"थंडी येऊ दे, मग काढू," बायको म्हणाली.

"आल्यावर काढायच्या म्हणजे पूर आल्यावर पोहायला शिकायचं."

आईने वर बघितलं. आई मूळची जुन्नरकडची, ओतूरची. तिच्या हिशेबाने पुण्यात थंडी पडतच नाही, पुणेकर नुसतेच काकडतात. "तिकडे पहाटे बंबात पाणी तापेपर्यंत बोटं हलत नसत," ती म्हणाली. "इथे काय, नळ सोडला की अंघोळ. पण काढ बाबा. ऊन तरी लागेल गोधड्यांना."

माळा ही जागा घर बांधणाऱ्याने माणसाच्या सहनशक्तीची परीक्षा घेण्यासाठी ठेवलेली असते. गोधड्या ठेवताना त्या मागे ठेवल्या जातात, कारण 'आता वर्षभर लागणार नाहीत'. त्यांच्यापुढे गणपतीची मखर, तिच्यापुढे आकाशकंदिलाचा खोका, मग पाहुण्यांसाठीची गादी, मग जुना टीव्ही जो देऊनही कोणी नेत नाही. हे सगळं स्टुलावर उभं राहून, एका हाताने छताला धरून, दुसऱ्या हाताने उतरवायचं. खाली उभी राहिलेली मंडळी काही घेत नाहीत, सूचना देतात. तासाभराने गोधड्यांचं बोचकं हाती आलं. त्यातून आजीच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी निघाली, जयपूरहून हौसेने आणलेली आणि आजवर चारदा वापरलेली रजई निघाली, माझी माकडटोपी निघाली, आणि सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला विणून दिलेला बाटलीच्या रंगाचा हिरवा स्वेटर निघाला. त्याची एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब आहे. हे मी सव्वीस वर्षांत कोणाला बोललो नाही, आता लिहितोय.

सगळ्याबरोबर धूळ निघाली, आणि डांबरगोळ्यांचा वास. मी ओळीने अकरा शिंका दिल्या. आई म्हणाली, "बघ, आली थंडी."

गोधड्या गच्चीवर नेऊन उन्हात टाकायचं कामही माझ्याकडेच आलं. चार मजले, लिफ्टचं काम चालू. दुपारचे दोन, आणि ऊन असं की ऑक्टोबर जाताना आपली उरलेली हीट आमच्या गच्चीवर विसरून गेला असावा. थंडीच्या तयारीत मला घामाची अंघोळ झाली. संध्याकाळी तेवढ्याच गोधड्या तेवढेच मजले खाली. त्या आता उन्हाने अशा तापल्या होत्या की हात लावला तर चटका बसावा. त्या रात्री त्यांच्याशी कोणाचं काही बोलणं झालं नाही.

पण खरा प्रश्न गोधडीचा नव्हता. खरा प्रश्न पंख्याचा होता.

आमच्या पंख्याला पाच आकडे आहेत. एकवर तो फिरतो असं फक्त त्यालाच वाटतं. दोनवर वारा येतो पण त्याचबरोबर 'खट्‌... खट्‌...' असा आवाज येतो, जणू कोणी बाहेरून कडी वाजवतंय. तीनवर आवाज थांबतो आणि पेपर उडतो. या आठवड्यात रात्री अकरापर्यंत तीन लागतो, दीडनंतर एक पुरतो, आणि पहाटे पाचला तो बंद हवा असतो. माणसाने झोपायचं कधी आणि बटण फिरवायचं कधी?

बायकोला थंडी वाजते. मला उकडतं. लग्न जमवताना पत्रिकेत गुण बघतात, नाडी बघतात, गोत्र बघतात. पंखा कितीवर लागतो हे कोणी विचारत नाही. छत्तीस गुण जुळूनही माणसं नोव्हेंबरात उघडी पडतात. ती रात्री उठून पंखा दोनवरून एकवर आणते. मी जागा झालो की एकवरून दोनवर नेतो. दोघंही अंधारात, चोरासारखी, आणि सकाळी दोघंही म्हणतो, "मी हातसुद्धा लावला नाही." खिडकी बंद केली तर घुसमट. उघडली तर थंडी येत नाही, डास येतात. डासांना या आठवड्यात फार मानवतं. जळती कॉईल लावली तर आईला ठसका. पंखा वाढवला तर डास पळतात पण बायको रजई मागते. रजई काढली की मला तिच्या नुसत्या दर्शनाने घाम.

शेवटी माणूस जिथे पोचतो तिथे मीही पोचलो : गोधडी अंगावर, आणि एक पाय बाहेर. उकडलं की पाय लांब काढायचा, गार वाटलं की ओढून घ्यायचा. वातानुकूलन यंत्रणा बनवणाऱ्यांनी कोट्यवधी खर्चले, पण डाव्या पायाइतकं नेमकं काम करणारं यंत्र मी पाहिलेलं नाही. फक्त डासांनाही हा पाय माहीत असतो.

सोमवारी चौकटीत पाषाण ११.८ आणि आम्ही १८.२. सकाळी सात वाजून चार मिनिटांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर मेहुण्याचा फोटो. काचेच्या कपातला चहा, त्यातून वाफ, आणि खाली 'हुडहुडी!' मग मावशीचं 'बापरे', सासूबाईंचं 'कान बांध रे', आणि साडूचं, जो नागपूरला राहतो आणि ज्याला खऱ्या थंडीतलं काही तरी कळतं, त्याचंही नमस्काराचं चिन्ह. आमच्या बाजूने ग्रुपवर काय टाकायचं? डास चावलेल्या पायाचा फोटो?

आमच्या भागात खरी थंडी पडते ती एकाच ठिकाणी, आणि तिची नोंद वेधशाळा घेत नाही. चिरंजीव मगरपट्ट्यातल्याच एका कंपनीत नोकरीला आहेत. तिथे एसी बारा महिने असा चालतो की पोरं दुपारी दोन वाजता जाकीट घालून, बाह्यांत हात ओढून, कॉफीच्या कपाला शेकत बसतात. संध्याकाळी बाहेर पडले की जाकीट काढून कमरेला बांधतात. बाहेर गरम, आत हेमंत. थर्मामीटर तिथे ठेवला असता तर निफाडने हार मानली असती. पण नियम आडवे येतात. तापमान मोजायचं ते पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून ठरावीक उंचीवर, मोकळ्यावर. सावलीतली, वाहती, प्रामाणिक हवा. आयटी कंपनीची हवा त्यांना चालत नाही.

माझं उलट. मी सकाळी आठला स्वेटर घालून निघायचो, कारण जाहीर केलं होतं. साडेनऊला तो अंगावर जड, अकराला हातावर, दुपारी खुर्चीच्या पाठीवर. बुधवारी तो बसमध्येच राहिला. कंडक्टरने हाक मारून परत दिला आणि लांब बाहीकडे बघत म्हणाला, "साहेब, एक हात मोठाय का तुमचा?"

आईने सोमवारीच डिंकाचे लाडू वळले होते. थंडी येवो न येवो, कार्तिकात डिंक म्हणजे डिंक. लाडू उष्ण. वरून बाजरीची भाकरी, तीही उष्ण. वरून तीळकूट. हवा आधीच उष्ण. मंगळवारी संध्याकाळी माझं तोंड आलं. "पोटात थंडीच नाही तर लाडू काय करणार?" असा निकाल आईने दिला आणि लाडवांचा डबा माझ्या आवाक्याबाहेर ठेवला, म्हणजे माळ्यावर.

आता बाटलीकडे येतो. तिच्याकडे यायचं टाळत होतो.

खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांच्या खाली गेलं की थिजायला लागतं. त्यामुळे मराठी घरात थंडी आली की नाही हे पेपरावरून नाही, न्हाणीघरातल्या निळ्या बाटलीवरून ठरतं. बाटली उलटी केली आणि तेल आलं नाही की थंडी पडली. मग ती गरम पाण्याच्या बादलीत बुडवायची, आणि ती नेमकी सगळी वितळून झाली की आपल्या डोक्याला पाहिजे त्याच्या चौपट तेल हातावर यायचं. आमची बाटली त्या आठवड्यात अर्धवट होती. तळाशी पांढरं, वर पातळ. न धड गोठलेली, न धड वितळलेली. आमच्या हवामानाचा याहून खरा अहवाल कोणी देणार नाही.

बुधवारी सकाळी मेहुण्याने फोटो टाकला. खोबरेल तेलाची बाटली, झाकण उघडं, पूर्ण उलटी, आणि खाली एक थेंब नाही. पांढरीशुभ्र. 'आमच्याकडे तर दगड झालाय,' आणि पुढे ओठ निळे पडलेला चेहरा. पंधरा मिनिटांत आठ 'बापरे'.

मी माणूस म्हणून वाईट नाही. पण तोंड आलेलं होतं, झोप झालेली नव्हती, आणि डावा पाय सुजला होता. मी आमची बाटली घेतली आणि फ्रिजमध्ये ठेवली. घरी कोणाला सांगितलं नाही. तीन तासांनी ती बाहेर काढून फोटो काढायचा, असा विचार होता. पण बाहेर काढल्यावर ती पुन्हा पाझरायला लागेल या भीतीने मी फ्रिजचं दार उघडं ठेवून आतल्या आतच, उलटी धरून, फोटो काढला आणि टाकला. 'हडपसरही कमी नाही!' असं लिहिलं.

दोन मिनिटं शांतता. मग मेहुण्याचा निरोप : "भाऊजी, मागे कोथिंबीर दिसतेय."

ग्रुपवर सत्तावीस माणसं आहेत. त्यातल्या चोवीस जणांनी हसण्याची चिन्हं टाकली. उरलेल्या तिघांत मी, बायको आणि आई. आईला फोनवर मराठी वाचता येतं पण टाइप करता येत नाही, म्हणून ती बाहेरच्या खोलीतून मोठ्याने हसली. बायको हसली नाही. तिला त्याच तेलाने डोकं चोळायचं होतं, आणि तेल चमच्याने खरवडावं लागलं.

गुरुवारी मात्र दैव आमच्या बाजूने उभं राहिलं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र झालं आणि तिकडून ओल घेऊन ढग आले. ढग म्हणजे आभाळाची गोधडी; जमिनीची ऊब रात्री वर निघून जायची ती खालीच अडकते. शुक्रवारच्या चौकटीत पाषाण १९, शिवाजीनगर १९ आणि मगरपट्टा २१. पाषाण एकोणीस! मी चौकट कापून फ्रिजवर लावली. त्या दिवशी ग्रुपवर मेहुण्याचा चहा आला नाही, बाटली आली नाही. दुपारी दोन थेंब पडले, तेही आईने पुन्हा उन्हात टाकलेल्या गोधड्यांवर, आणि मी चार मजले पळत गेलो, पण आनंदात गेलो. (नाशिककडच्या एका द्राक्षवाल्या मित्राला मी हा आनंद फोनवर सांगायला गेलो. तो त्या वेळी बागेत फवारणीच्या तयारीत होता. ढगाळ हवा आली की द्राक्षांवर भुरी-डाऊनीचा रोग येतो, एका रात्रीत मणी जातात. मी विषय बदलला.)

शुक्रवारी रात्री आभाळ मोकळं झालं आणि शनिवारी बायको म्हणाली, "आज राहायलाच जाऊ या का दादाकडे? एकदा बघून तरी येऊ ही थंडी."

दादा म्हणजे माझा मेहुणा. वयाने तिच्याहून लहान, पण पाषाणला फ्लॅट घेतल्यापासून दादा.

आम्ही स्कूटरवरून निघालो. मी स्वेटर, त्यावर जाकीट, माकडटोपीवर हेल्मेट. बायकोच्या मांडीवर जयपुरी रजई, कारण मेहुण्याने फोनवर सांगितलं होतं, "पांघरूण तुमचं आणा, आमचं आम्हालाच पुरत नाही." पुण्याचं हवामान खरं कळायचं तर स्कूटरवरून हिंडावं. फातिमानगरपर्यंत काही नाही. रेसकोर्सच्या मोकळ्या मैदानापाशी एकदम गारवा येतो, अंगावरून हात फिरवल्यासारखा. कॅम्पात गेला. संगम पुलावर नदीपाशी पुन्हा आला. शिमला ऑफिस चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मी त्या इमारतीकडे बघितलं आणि मनातल्या मनात तक्रार नोंदवली. विद्यापीठाची झाडी संपून पाषाण रस्त्याला लागलो, आणि हेल्मेटच्या काचेवर श्वासाचं धुकं धरलं. बायको मागून ओरडली, "आली!"

आली होती. खोटं कशाला बोलू.

मेहुण्याच्या घरात शिरलो. चौथा मजला, नवीन इमारत. खिडक्या बंद. सोफ्यावर मेहुणा बनियनवर बसलेला, आणि डोक्यावर पंखा.

मी वर बघितलं. पंख्याचा वेग मला ओळखीचा वाटला.

"कितीवर आहे रे?"

"तीनवर," तो म्हणाला, आणि मग त्याला माझी माकडटोपी दिसली. "म्हणजे, आता बंदच करणार होतो. स्वयंपाकाची वाफ होती ना."

रात्री जेवण झालं, पिठलं-भाकरी, ठेचा. आम्हाला बाहेरच्या खोलीत गादी घालून दिली. रजईत मी बारा वाजेपर्यंत तग धरला. मग डावा पाय बाहेर काढला. पाषाणचे डासही मला फसवे वाटले नाहीत. अगदी आमच्यासारखेच होते. आणि रजईतून, चार मजले ऊन खाऊनही, माळ्याची धूळ येतच होती. मी उशीत तोंड खुपसून शिंकत राहिलो.

पहाटे सहाला मेहुण्याने उठवलं आणि पाषाण तलावाकडे नेलं. तिथली थंडी मात्र थंडी होती. पाण्यावर वाफेसारखं धुकं, त्यात बगळे एका पायावर. माझं नाक, कान, गुडघे, सगळे वेगवेगळे काकडायला लागले. इतक्या वर्षांची इच्छा पुरी होत होती. मी दोन मिनिटं उभा राहिलो, अगदी मन भरून. तिसऱ्या मिनिटाला म्हणालो, "चल रे, घरी जाऊ. चहा टाकला असेल."

घरी आलो तर बायको केस मोकळे सोडून उभी होती आणि मेहुण्याच्या बायकोला विचारत होती, "न्हाणीघरात तेल दिसलं नाही गं."

"तेल ना? थांबा ताई, गॅलरीत असेल. हे रोज रात्री कठड्यावर ठेवतात. सकाळी फोटो काढून झाला की मी आत आणते. आत राहिली ना, तर वितळलेलीच असते."

मेहुणा पायातले बूट काढत होता. त्याने दुसऱ्या बुटाची नाडी फार सावकाश सोडली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. मोक्षदा एकादशी कधी आहे ते मला तेव्हा अगदी नीट कळलं.

चहा घेताना तो हळूच म्हणाला, "भाऊजी, कठडा काय न् फ्रिज काय..."

"कोथिंबीर नव्हती तुझ्या मागे," मी म्हणालो. "तेवढं तू जिंकलास."

सोमवारी सकाळी उठलो तर माझा आवाज पार बसलेला. नाक चोंदलेलं, डोळ्यांतून पाणी. कुठल्या थंडीने नाही, रजईच्या धुळीने. पण हे माझं मला. आईने वाफारा दिला, हळदीचं दूध दिलं, माळ्यावरचा लाडवांचा डबा खाली काढला. तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर निळी बाटली, उलटी, पांढरीशुभ्र. डाव्या कोपऱ्यात, बघणाऱ्यालाच दिसेल एवढा, गॅलरीच्या कठड्याचा एक गज. खाली : 'आज १०.९!!'

मावशीचं 'बापरे' आलं. सासूबाईंचं 'कान बांध' आलं.

आईने चष्म्यातून फोटो बघितला आणि माझ्याकडे वळली. "तू राहून आलास ना रे तिथे? खरंच आहे का इतकी?"

मी घशातून उरलासुरला आवाज गोळा केला. "आई, दात वाजत होते नुसते."

"दिसतंय," आई म्हणाली, आणि माझ्या अंगावर आणखी एक गोधडी टाकली.

बायको आरशासमोर केस विंचरत होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, काही न बोलता उठली आणि पंखा एकवरून तीनवर केला.